चुन्याचा हौद

नेल्मीने छोट्या नळीतल्या पाण्यात पाणी तपासायच्या औषधाचे चार थेंब टाकले आणि पाणी गडद निळं झालं. ते पिवळट हिरवं व्हायला हवं होतं. समोरच्या काचेच्या टाकीत, हिरव्यागार पानांच्या वर, अकराच्या अकरा निऑन मासे उलटे तरंगत होते. सकाळी अर्धं पाणी तिनेच बदललं होतं, नवऱ्याने, फिदेन्सिओने, शिकवलं होतं अगदी तसं. तीन बादल्या हौदातलं पावसाचं पाणी, एक बादली विहिरीचं. नुसतं पावसाचं लहरी, नुसतं विहिरीचं जड. एकत्र केलं की आठवडाभर शांत राहतं, असं तो म्हणायचा.

ती तडक परसातल्या हौदापाशी गेली आणि झाकण उचललं. हौद आतून पांढराशुभ्र होता.

तिचा दीर उबाल्दो पलीकडे मृतांच्या सणाचा पिब, म्हणजे मक्याचा भरलेला जाड रोट, जमिनीत भाजायला खड्डा खणत होता.

"हौदाला चुना कोणी लावला?"

"मीच की, रविवारी! परवाच्या पावसाने भरलाही." तो खुशीत होता. "भिंती झाल्या, कुंपणाचे दगड झाले, मग हौदच काळा का ठेवायचा? दादाचा जीव, तो गेल्यापासून पहिल्यांदाच, सणाला घरी येणार, वहिनी. सगळं कसं लख्ख दिसायला हवं."

"चुना पाण्यात उतरला. त्याचे मासे मेले."

"अगं, मासे काय, बाजारात ढिगाने मिळतात. चुन्याने पाणी उलट शुद्धच होतं."

नेल्मीच्या अंगाचा तिळपापड झाला. "दवाखान्यातून तो फोन करायचा तेव्हा आधी विचारायचा, 'पाण्याचा रंग काय आला?' माझी चौकशी त्यानंतर! वर्षभर मी ते पाणी सांभाळलं. का, तर तो आला की आधी तिथंच जाईल. आणि तुला एका शब्दाने विचारावंसं वाटलं नाही?"

"चांगल्या मनानेच केलं गं."

"हो ना? मग ये इकडे."

येणारा जीव तहानलेला असतो म्हणून सणाला घरात फोटोपुढे मांडलेल्या वेदीवर ठेवतात तो पेला तिने उचलून आणला. हौदात बुडवून काठोकाठ भरला आणि उबाल्दोच्या हातात कोंबला.

"ठेव फोटोपुढे. पाणी कुठलं आहे, तेही त्याला तूच सांग."

उबाल्दो वेदीपर्यंत गेला. फोटोतला फिदेन्सिओ हसत होता, हातात पाणी तपासायची नळी धरून. पेला काही उबाल्दोला खाली ठेववेना.