सहा बटणांचा पॅड

“दांड्याचा नको,” आई म्हणाली. “त्याने मनगट भरून येतं. अंगठ्यांनी खेळायचा दाखवा.”

दुकानदाराने काउंटरवरची जाडजूड पेटी बाजूला सरकवली आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. सत्तरीला टेकलेली बाई कॉम्प्युटरवरच्या मारामारीच्या गेमसाठी कंट्रोलर निवडते आहे आणि शेजारी तिशीतला बाप्या मुकाट उभा आहे, असं गिऱ्हाईक त्याच्याकडे रोज येत नसावं.

बोलायचं काम त्या तरुणाने आईवरच सोपवलं होतं. तिला त्यातलं खडान्‌खडा ठाऊक होतं.

पत्र्याच्या कारखान्यात प्रेस मशीनवर त्याच्या दोन्ही हातांना झालेल्या अपघाताला आता तीन वर्षं होत आली होती. मग ते लांबलचक ऑपरेशन, आणि त्यानंतर महिनोन्‌महिने व्यायाम. पेन धरता येऊ लागलं होतं, चमचा धरता येत होता, शर्टाची बटणं मात्र अजून घाम काढत. व्यायाम घेणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं की अंगठ्यांना रोज तासभर काम द्या, आणि असं द्या की कंटाळा येणार नाही. हे त्याने फोनवर आईला सांगितलं. ती म्हणाली, रविवारी ये, आपण दुकानात जाऊ. दोन तासांचा बसप्रवास करून तो आज आला होता.

दुकानदाराने बिनवायरचा पॅड पुढे केला. हल्ली सगळे हाच नेतात, असं त्याचं म्हणणं. आईने नकार दिला. बिनवायरचा ऐन मोक्याला मान टाकतो, वायरचाच हवा. आताचे तसे नसतात, हे दुकानदाराने परोपरीने समजावलं, पण ती काही बधली नाही.

“आजी, तुम्ही स्वतः खेळता की काय?”

“मी ओरडायचं काम केलं,” आई म्हणाली. “वीस वर्षं. जेवायला चल, झोपायला चल. ऐकतो कोण?”

दुकानदार हसला आणि त्याच्याकडे पाहून त्याने मान हलवली. तोही हसला, आणि खाली बघू लागला.

कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर पॅड लावून बघायची सोय होती. पहिल्या पॅडची बटणं इतकी बारीक, की आपण दाबली की नाही हेच त्याच्या अंगठ्याला कळेना. दुसऱ्याचं दिशांचं बटण इतकं ताठ, की दोन मिनिटांत बोटं आखडली. पडद्यावरचा त्याचा पैलवान नुसता उभ्या उभ्या मार खात होता.

“घाई नको,” आई म्हणाली. “हात गरम होऊ देत.”

तेवढ्यात त्याच्या खिशातला गजर वाजला. गोळ्यांची वेळ. या गोळ्या आता जन्मभराच्या होत्या. दुकानदाराने पंख्याखाली खुर्ची सरकवून दिली आणि बाह्या तरी दुमडा, असं सुचवलं. त्याने बाह्या दुमडल्या नाहीत. आईने पिशवीतून पाण्याची बाटली काढून टोपण उघडून दिलं.

मग तिने स्वतःच कपाटातला एक पॅड दाखवला. वायरचा, वर सहा बटणं, तीन ठोशांची आणि तीन लाथांची, आणि दिशांचं बटण गोल, मऊ, बशीसारखं. दुकानदाराने तो पुसून त्याच्या हातात ठेवला आणि थबकला.

“करंगळी बघा की. आतल्या बाजूला वळलेली. थेट आईची.”

“आमच्या घरातली खूणच आहे ती,” आई म्हणाली.

आता कसं करायचं तेही तिनेच सांगितलं. अंगठा खाली, तिथून उचलायचा नाही, घसरत घसरत पुढे न्यायचा, आणि लगेच दुसऱ्या हाताने ठोसा. दहा वेळा काहीच झालं नाही. पैलवान कधी वाकला, कधी त्याने उगाच उडी मारली. अकराव्यांदा अंगठा एका दमात फिरला आणि पैलवानाच्या पंज्यातून निळी आग सुटून समोरच्याला जाऊन धडकली.

त्याने हसत मागे वळून पाहिलं. आई पडद्याकडे बघतच नव्हती. ती त्याच्या हातांकडे बघत होती आणि तिने पदराचं टोक तोंडाशी धरलं होतं.

“हाच बांधा,” ती दुकानदाराला म्हणाली.

पॅड तिने घेऊन दिला. त्याने आढेवेढे घेऊन पाहिले, पण तिच्यापुढे त्याचं काही चाललं नाही.

बसस्टँडवर दोघं बाकावर बसली. येताना बसमध्ये त्याने वाक्यं जुळवून ठेवली होती. आज बोलायचंच, असं ठरवून आला होता. आता एकही आठवेना.

“आई,” तो कसाबसा म्हणाला, “इतकं केलंत. मी कसे फेडू हे उपकार?”

“रोज तासभर खेळ. तेवढं पुरे.”

बस लागली. आईने त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, अंगठ्यांवरून आपले अंगठे फिरवले, तळवे उलटून पाहिले. कंडक्टरने दोनदा घंटी वाजवली, तेव्हा कुठे तिने ते सोडले. तो चढला, खिडकीशी बसला आणि त्याने हात बाहेर काढून हलवला.

ती खिडकीपाशी आली.

“घरी पोचलास की तुझ्या आईला माझा नमस्कार सांग,” ती म्हणाली. “म्हणावं, माझ्या लेकाचे हात तुमच्या घरी सुखात आहेत. मी डोळ्यांनी बघितलं.”