हार

चौकातला डिजिटल फलक सांभाळणाऱ्या रेश्माने काल वारलेल्या आमदार आबासाहेबांच्या फोटोला हार घातला आणि खालच्या सगळ्या कार्यकर्त्यांच्या गळ्यात आपोआप हार पडले. या नव्या फलकांवर प्रत्येकाचा फोटो त्याला पक्षात आणणाऱ्याच्या फोटोखाली जोडलेला असे, आणि वरच्याला लावलेलं सगळं खाली झिरपत जाई.

दुपारी विनायक सोंडकर धापा टाकत आले. "शेजाऱ्यांनी घरी पिठलं-भात आणून दिलाय. बायको म्हणते, आता तुम्हीच खा. काढ बाई माझा हार."

"काढते. पण त्यासाठी तुम्हाला आबासाहेबांच्या खालून काढावं लागेल."



"मग राहू दे," सोंडकर म्हणाले. "पोटनिवडणुकीचं तिकीट जाहीर होईपर्यंत."