धुक्यापलीकडचे वाचक

निरीक्षकांनी पुस्तकं घरी नेल्याच्या चिठ्ठ्यांचा खण पूर्ण बाहेर ओढून टेबलावर ठेवला. ते वरवर बघून निघून जातील, असं ग्रंथपालबाईंना वाटलं होतं. पण त्यांनी चष्मा पुसून पहिलीच चिठ्ठी उजेडात धरली. दाराशी उभे असलेले शिपाईमामा छताकडे बघू लागले.

ग्रंथालयातली ती खोली एकाच लेखकाची होती. त्याने जन्मभर एका नसलेल्या देशाची गोष्ट लिहिली, चांगले नऊ खंड. बाईंनी बावीस वर्षं त्याचं मिळेल ते जमवलं होतं. आवृत्त्या, त्या देशाचे नकाशे, तिथल्या भाषेचा शब्दकोश, समीक्षा, अगदी त्याला शिव्या घातलेली कात्रणंसुद्धा. उद्या कुणी या लेखकाचा अभ्यास करायला आलं तर त्याला दारोदार फिरावं लागू नये, एवढीच त्यांची इच्छा. अभ्यासक काही आला नाही. आला तो नवा नियम: ज्या संग्रहातली निदान शंभर पुस्तकं वर्षात घरी नेली जात नाहीत, तो रद्दीत. या खोलीतून वर्षभरात चार पुस्तकं गेली होती. त्यातली तीन बाईंनीच नेली होती.

मग बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा लबाडी केली. खऱ्या सभासदांची नावं घालावीत, तर निरीक्षक त्यांना बोलावून विचारणार. म्हणून त्यांनी नावं थेट कादंबऱ्यांतूनच उचलली. राजे आणि राक्षस टाळले, तेवढी अक्कल त्यांना होती. किरकोळ पात्रांची साधीसुधी नावं घेतली, वाचतानाही ज्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही अशांची. आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत दोघं चिठ्ठ्या भरत बसले. मामा तारखेचा शिक्का मागे फिरवून फिरवून मारत होते.

"पत्ता काय लिहू, बाई? धुक्यापलीकडे?"

"नदीकाठ लिहा, मामा. नदी कुठेही असते."

आणि आता हे निरीक्षक. माणूस कोरडा. जातील तिथला संग्रह रद्दीत काढल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नाही, अशी त्यांची ख्याती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. बाईंना ते भर दुपारी दिसत होतं.

"वाचक बरेच वाढलेत," निरीक्षक म्हणाले.

"हल्ली गोडी लागलीय लोकांना," बाई कशाबशा म्हणाल्या.

"आणि सगळे नदीकाठीच राहतात?"

"मोठी वस्ती आहे, साहेब," मामा छताला म्हणाले.

निरीक्षक पुढे वाचत राहिले. चेहऱ्यावरची रेष हलत नव्हती. मध्येच ते थांबले, एक चिठ्ठी बाजूला काढली, उलटसुलट करून पाहिली आणि खुर्चीत मागे टेकले.

"हा नावाडी," ते म्हणाले, "चौथ्या खंडात बुडाला."

चिठ्ठीवर नुसतं नाव होतं. धंदा कुठेच लिहिलेला नव्हता. पण ते लक्षात येण्याइतकं बाईंचं डोकं ठिकाणावर नव्हतं. चोरी पकडली गेली, एवढंच त्यांना कळलं, आणि त्यांना रडू फुटलं.

"चूक माझी आहे, साहेब. सगळी नावं खोटी आहेत. मला काय हवी ती शिक्षा करा, मामांचा यात काही दोष नाही. पण ही खोली मोडू नका. एकदा विखुरलं, की हे पुन्हा कुणाच्या बापाला जमायचं नाही."

निरीक्षकांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते चिठ्ठी डोळ्यांजवळ नेऊन पुस्तकाचं नाव पुन्हा पुन्हा वाचत होते. बाईंना वाटलं, आता हे फाडतात आपल्याला.

"चौदा संग्रह रद्दीत काढले मी," ते म्हणाले आणि त्यांचा आवाज चिरकला. "प्रत्येक गठ्ठा स्वतः उपसला, एकातही सातवा खंड निघाला नाही. आणि तो तुम्ही या मेलेल्या माणसाला घरी नेऊ दिलात?"