डोळ्याला धक्का नको

डॉक्टरीणबाईंनी वर्षालीच्या डाव्या डोळ्याच्या पापण्या तारेच्या चिमट्याने फाकवल्या. मिटायची सोयच ठेवली नाही. मग एक कडं बुबुळावर आणून असं दाबलं, की डोळा कवटीत फुटतो की काय असं तिला वाटलं. सगळं काळं झालं. "थोडा वेळ दिसणार नाही. घाबरू नका, अजिबात हलू नका." मशीन कटकट करायला लागलं आणि केस जळल्यासारखा वास सुटला. तो आपल्याच डोळ्याचा आहे हे वर्षालीला समजत होतं. तरी ती जागची हलली नाही.

"इतका शांत पेशंट नाही पाहिला हो मी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"हाललं तं जास्त लागते," वर्षाली म्हणाली.

आठ वर्षांच्या संसारात ती एवढं शिकली होती. नवरा किशोर, वरूडला संत्र्याच्या पेट्या भरून पाठवायचा धंदा. बाहेर माणूस म्हणजे लोणी, कोणाच्याही लग्नात पंगत वाढायला पहिला. घरात हात सुटायचा. दोनदा ती अकोल्याला माहेरी निघून गेली आणि दोन्ही वेळा वडिलांनी, भगवंतरावांनी, तिला परत आणून घातलं. कारण किशोर त्यांच्या पायावर डोकं ठेवून रडला होता. "बाबा, राग आला की मले काही दिसतच नाही. हात कुठं पडते, समजत नाही."

खरं सांगायचं तर वर्षालीलाही ते पटलं होतं. उणे साडेसात नंबर तिचा. पहिल्या थापडीत चष्मा उडायचा आणि समोर उरायचा नुसता एक धुरकट आकार. त्या आकाराला भान नसेल, हे मानून घेणं सोपं होतं. दुखणाईत माणसाला टाकून कसं जायचं, असं म्हणून ती राहत आली.

चष्मा घालवायचं हे ऑपरेशन त्यानेच करवलं. चष्म्याची बायको चारचौघांत बरी दिसत नाही म्हणे. अमरावतीच्या त्या दवाखान्यात फॉर्मवर सही त्याची, पट्टी लावलेल्या बायकोला हात धरून बाहेर आणणाराही तोच. डॉक्टरीणबाईंनी त्याला समोर बसवून बजावलं, "महिनाभर डोळ्याला धक्का नको. बुबुळावरचा पापुद्रा सरकला तर नजर जाऊ शकते. थेंब दिवसातून चारदा, हात साबणाने धुऊन. दोन बाटल्यांमध्ये पाच मिनिटं जाऊ द्या." किशोरने तिथेच मोबाइलमध्ये गजर लावून घेतला.

पाचव्या दिवशी दुपारी शेजारची प्राजक्ता बिस्किटाचा पुडा घेऊन तिला पाहायला आली. दोघी कशावरून तरी हसल्या. बस, एवढंच. प्राजक्ता फाटकाबाहेर पडली आणि किशोरने दार लोटलं.

"काय दात काढून राहिली होती? माह्यं सांगत होती ना तिले?"

वर्षालीने दोन्ही हात तोंडावर घेतले. गेले आपले डोळे, एवढंच तिच्या मनात आलं. बुक्की पाठीत बसली. दुसरी बरगडीत. ती भिंतीवर आदळली, खाली बसली, तशी लाथ मांडीवर, पुन्हा तिथेच. श्वास अडकला आणि तिचे हात आपसूक बरगडीकडे गेले. तोंड उघडं पडलं. किशोरचा पंजा सरळ गालावर आला आणि वाटेतच वळला.

तिने पाहिलं. साफ पाहिलं. वीतभरावर आलेला हात थबकला, खाली उतरला आणि खांद्यावर बसला.

मग तिने एक गोष्ट केली. तिने तोंड मुद्दाम पुढे केलं, डोळे सताड उघडे ठेवून. किशोरने तिला वळसा घातला आणि मागून पाठीत मारलं. मारतानाचा त्याचा चेहरा तिला आठ वर्षांत पहिल्यांदा दिसत होता. पेटीत संत्र्यांचा थर लावताना असतो, तसाच होता.

चार वाजले. गजर झाला. किशोर थांबला, मोरीवर गेला, साबणाने हात धुतले, टॉवेलला पुसले.

"झोप तिथं दिवाणावर."

ती झोपली. त्याने दोन बोटांनी पापणी अलगद उघडली आणि बाटली धरली. एकच थेंब, नेमका डोळ्यात. मग दुसऱ्या डोळ्यात. हात जरासुद्धा थरथरला नाही. "आता पाच मिनिटं मिटून राह्य," तो म्हणाला.

वर्षाली उठली. अंगातून कळ गेली, तशी भिंत धरली. काळा गॉगल लावला, दवाखान्याची फाईल काखेत घेतली आणि दार उघडलं. किशोर दुसरी बाटली हातात घेऊन मागे धावला, पण फाटकापाशी प्राजक्ता अजून कोणाशी बोलत उभी होती. तो उंबरठ्याच्या आतच राहिला.

दारापुढच्या ओट्यावर सासू गोदाबाई तुरीची डाळ निवडत बसली होती. आतलं सगळं तिला ऐकू गेलं होतं.

"कुठं चालली वो?"

"पोलीस ठाण्यात."

गोदाबाईने सूप बाजूला ठेवलं, सुनेचं मनगट धरलं आणि आवाज खाली आणला. "असं नको करू, माय. राग उतरू दे त्याचा. रागात काही समजते का त्याले?"

वर्षालीने मनगट सोडवून घेतलं.

"मामीजी," ती म्हणाली, "त्याले राग आलाच नव्हता."