मोबाइलवरची दृष्ट

आईने सांगलीच्या स्वयंपाकघरात मीठ, मोहरी आणि लाल मिरच्यांची मूठ मोबाइलभोवती ओवाळायला घेतली, तशी चेन्नईच्या हॉटेलात केतकीने व्हिडिओ कॉलचा आवाज कमी केला. पलीकडच्या पलंगावर रोझलिन भिंतीकडे तोंड करून पडली होती.

मोसमातले पहिले चारही सामने केतकीने गाजवले होते, पण रोझलिनच्या जागेवर खेळून. सरावात रोझलिनचा घोटा मुरगळला म्हणून केतकीला संधी मिळाली होती. तेव्हापासून या दोघी मैत्रिणी जेवणाखाण्याचं बोलत, बास्केटबॉलचं अक्षरही काढत नसत.

"सरळ बस गं. सगळ्यांचे डोळे आहेत तुझ्यावर."

"हळू बोल आई, रोझलिन झोपलीये."

"जागी आहे." रोझलिन लंगडत आली आणि केतकीला सरकवून शेजारी बसली. "काकू, हिला दृष्ट लागली असेल तर माझीच. पण आधी माझ्या घोट्याची काढा."

आईने आणखी दोन मिरच्या घेतल्या. "पाय वर घे, बाळ."

ओवाळून झाल्यावर मूठ तापल्या तव्यावर पडली. मिरच्या जळूनही ठसका लागला नाही, तर दृष्ट जबर, असं आई मानायची.

"वास येतोय का गं तिकडे?"

दोघींनी मोबाइल हुंगला. "काहीच नाही, काकू."

"बघा, केवढी लागली होती," आई खोकत खोकत म्हणाली.

रोझलिन हसत सुटली. हसू आवरल्यावर तिने केतकीच्या गुडघ्यावर चापट मारली. "उद्या उजवीकडून घुस. त्यांची सहा नंबरची तिकडे कच्ची आहे."