परवाच्या तारखेचा शिक्का

आमच्या पोस्टात टपालावर शिक्का मारायचं काम माझं. रोज सकाळी मी त्यातले तारखेचे आकडे बदलतो आणि पहिला ठसा वहीत उमटवून सही करतो. एकदा हातातून पडला तेव्हापासून त्याची कड एका जागी तुटली आहे. माझ्याशिवाय त्याला कुणी हात लावत नाही.

आज पेटीतल्या टपालात एक कार्ड आधीच शिक्का बसलेलं निघालं. कड तीच, तुटकी. तारीख येत्या परवाची.

मी हातातला शिक्का उलटा करून पाहिला. त्यावर आजचीच तारीख होती. कार्डावरची शाई मात्र माझ्या बोटाला लागली.

कार्ड माझ्या धाकट्या भावाच्या नावाचं होतं. अक्षर माझ्या बायकोचं.

'भावजी, ठरल्याप्रमाणे सगळं पार पडलं. ह्यांना शेवटच्या घासापर्यंत संशय आला नाही.'

तेवढ्यात तो खिडकीशी आला. ज्याला मी अंगाखांद्यावर खेळवलं, तो. हातात डबा.

"दादा, वहिनीनं गरम गरम पाठवलंय. समोर बसवून खाऊ घाल म्हणाली."

अठरा वर्षांत तिनं कधी डबा पाठवला नव्हता. मी कार्ड वहीखाली सरकवलं.

"आणि दादा," तो हसत म्हणाला, "माझ्या नावाचं काही आलं नाही ना अजून?"