रविवारची वही

"पोस्टमन झाडावरून उतरला कसा?" नातीने विचारलं आणि आजोबांची पंचाईत झाली.

पाय प्लास्टरमध्ये असल्यामुळे पोरीने त्यांच्याच पलंगावर मुक्काम ठोकला होता. मोबाइलचाही कंटाळा आला, तेव्हा आजोबांनी कपाटावरची पत्र्याची पेटी खाली घेतली. आत त्यांची जन्माची कमाई. लांबटांग्या पोस्टमनची चित्रपट्टी वर्तमानपत्रात यायची. ती रोज कात्रीने कापून त्यांनी वह्यांमध्ये तारीखवार चिकटवली होती. तीस वर्षं. मुलाने तर ती पेटी दोनदा रद्दीत काढली होती. आणि ही पोरगी सकाळपासून पानांमागून पानं फस्त करत होती, मध्येच खुदकन हसत होती. म्हातारा नुसता हरखून गेला होता.

घोडं दर वेळी अडत होतं ते रविवारी. आताही सोमवारी कुत्रा पोस्टमनच्या मागे लागला, शनिवारी पोस्टमन झाडाच्या शेंड्यावर पोचला, आणि पुढच्या पानावर थेट नवा सोमवार, नवी भानगड. दर आठवड्याची गोष्ट रविवारी संपायची, आणि रविवार आजोबांकडे नव्हताच. त्या दिवशी चित्रपट्टीच्या पाठीमागे विणकामाचा नमुना छापून यायचा आणि आजीला नेमका तो हवा असायचा. लग्नानंतर दोनच महिन्यांत यावरून जुंपली होती. शेवटी तह झाला: सहा दिवस त्यांचे, रविवार तिचा. दोघांनीही तो इमानेइतबारे पाळला.

रविवारची चित्रं आजोबांनी तेव्हा वाचली होती, पण आता काही आठवेल तर शपथ. शिडी आणली असेल, त्यांनी ठोकून दिलं. खाली कुत्रा बसलेला असताना शिडी कोण आणणार, नातीने विचारलं. मग अग्निशमन दल आलं असेल. नातीने वही मिटून बाजूला सरकवली.

"शेवटच नाही तर वाचून काय करू, आजोबा?"

आजोबांचा चेहरा पडला. इतक्या वर्षांत एक वाचक मिळाला होता, तोही हातचा चालला. त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन अगदी अजिजीने विचारलं, "अगं, तुझी ती विणकामाची वही कोमट पाण्यात भिजवली तर? नमुने सुटले की मागची चित्रं दिसतील. तू मैद्याच्या खळीनेच चिकटवायचीस ना?"

आजी भांडी विसळत होती. चित्रपट्टीला ती जन्मभर पोरखेळ म्हणत आली होती, आणि आपल्या वहीला कुणाला हात लावू देत नसे. तिने नळ बंद केला, नातीकडे एकदा पाहिलं, हात पुसले. भिजवायची काही गरज नाही, असं पुटपुटत ती आत गेली आणि कपड्यांच्या तळातून एक जाडजूड वही घेऊन आली. ती नातीच्या मांडीवर ठेवून उगाचच टॉवेलची घडी करत बसली.

नातीने वही उघडली. विणकामाचा एकही नमुना दिसेना. पानोपान रंगीत पोस्टमन, रविवारमागून रविवार, नीट क्रमाने. तिने बरोबर तारीख शोधली. पोस्टमनने झाडावरून एक कोरं पाकीट खाली टाकलं होतं, आणि कुत्रा ते तोंडात धरून शेपूट हलवत घरी निघाला होता. बिचाऱ्याला कधी पत्रच आलं नव्हतं. नात खो खो हसत सुटली आणि तिने पुढचं पान उलटलं.

आजोबा बघतच राहिले.

"आणि नमुने?"

"खाली. खळीत."

"अगं, मग इतकी वर्षं तू विणायचीस कशावरून?"

आजी आधी ओशाळली, मग तिलाच हसू आवरेना.

"अहो, माझ्या हातचा एक मोजा तरी घातलात का कधी?"